तंबू उडाला, बोली चालू

२१ जानेवारी २०१०च्या रात्री अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, स्कॉट्सडेल गावी, एक आगंतुक बोलीदार लिलावात घुसला. त्याच्याकडे नंबराचा फलक नव्हता, बँकेचं हमीपत्र नव्हतं आणि कॅटलॉग त्याने उघडूनही पाहिला नव्हता. तरी काही मिनिटांत त्याने तंबूतल्या गाड्यांचं नव्याने मूल्यांकन करून टाकलं. वारा होता तो.

रूसो अँड स्टील ही जुन्या, हौशी गाड्यांचा लिलाव करणारी कंपनी. तिने महामार्गाला लागून लांबलचक तंबू ठोकले होते आणि त्यांच्याखाली शेकडो गाड्या ओळीने लावल्या होत्या. साठ-सत्तरच्या दशकातल्या दांडग्या अमेरिकन ‘मसल कार’, युरोपातल्या नाजूक स्पोर्ट्स कार, कुणाच्या बापजाद्यांच्या तर कुणाच्या कालपरवाच्या कमाईच्या. प्रत्येकीला आरशाला लाजवील अशी चमक. वादळ आलं आणि तंबू फाटले. खांब टपांवर पडले, कापड बॉनेटवर आपटलं, मांडणीचं सामान काचांवर. तंबूचा काही भाग तर उडून शेजारच्या लूप १०१ महामार्गावर पडला आणि तिथली वाहतूक थांबवावी लागली. ज्यांनी रस्त्यावर असायचं त्या गाड्या तंबूत आणि ज्याने गाड्यांवर असायचं तो तंबू रस्त्यावर!

कुणाचा जीव गेला नाही, म्हणून या विषयाकडे तिरकस नजरेने बघायची सोय आहे.

आपल्याकडे बँका जप्तीच्या मालाची जाहिरात देतात तेव्हा खाली बारीक अक्षरांत छापतात : ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर. त्या रात्री स्कॉट्सडेलमध्ये ‘जसे’ बदललं आणि ‘जेथे’ शोधायला पोलीस लागले.

लिलाव रद्द झाला असेल, असं वाटतंय ना? लिलावाचा धंदा तुम्हाला कळलेला नाही. कापड गोळा झालं, काचा झाडल्या आणि त्याच आठवडाअखेरीला हातोडा पुन्हा टेबलावर आपटू लागला.

*

लाखमोलाच्या गाड्या विकायला वाळवंटच का? कारण हिशेबी आहे. स्कॉट्सडेलमध्ये बॅरेट-जॅक्सन कंपनीने १९७१ साली गाड्यांचा लिलाव सुरू केला. ते दुकान चालतंय म्हटल्यावर बाकीच्यांनीही शेजारी पथाऱ्या पसरल्या. आता दर जानेवारीत या परिसरात लिलावांची जत्राच भरते. उरलेली अमेरिका बर्फ उपसत असते तेव्हा इथे ऊन पडलेलं असतं, आणि पैसेवाल्या माणसाला हिवाळ्यात उन्हाला जायला निमित्त हवं असतं. बायकोला सांगायला ‘उन्हाला जातो’ बरं पडतं. परत येताना ट्रेलरवर काय आहे, ते नंतर बघता येतं.

दुसरं कारण पत्र्याचं. शेजारच्या फिनिक्सला वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच्यापुढे आपला माण-खटाव म्हणजे कोकण. हवा कोरडी, रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ नाही, म्हणून गाडीला गंज नाही. ‘ही गाडी जन्मभर अ‍ॅरिझोनात होती’ हे वाक्य या बाजारात, स्थळ सांगून आल्यावर ‘घराणं चांगलं आहे’ म्हणतात, तसं ऐकवलं जातं. ऐकणाऱ्याने मान डोलवायची, पुढची चौकशी अशिष्टपणाची.

तिथली नेहमीची वादळं येतात जुलै-ऑगस्टात. म्हणजे जानेवारी सुरक्षित, तंबू पुरेसा, छप्पर कशाला बांधा? पॅसिफिकवरून येणाऱ्या हिवाळी वादळांना मात्र या नियोजनाची प्रत गेलेली नव्हती.

*

तंबूचं गणित शाळकरी आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. वारा बाजूने आत शिरला की छताला खालून ढकलतो, आणि वरून जाणारा वारा त्याच छताला ओढतो. दोन्हीकडून एकाच दिशेला जोर लागला की प्रश्न उरतो फक्त खुंटी कशात ठोकली आहे याचा. आपल्या गावातला मांडववाला मे महिन्यात आभाळाकडे बघून दोन दोर जास्तीचे बांधतो. तो अभियंता नसतो. त्याने वळवाच्या पावसात एकदा पैसे बुडवलेले असतात.

मजा पैशांच्या प्रमाणाची आहे. खाली उभी असलेली गाडी लाखो डॉलरची. तिचा मालक तिला घरी तापमान आणि दमटपणा मोजणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवतो. वर अंगभर मऊ सुती अभ्रा असतो, बॅटरीला चार्जर लावलेला असतो, टायरखाली गादी असते. मग एक दिवस तिला विकायला काढतो आणि भाड्याच्या कापडाखाली उभी करतो. मुलाला पंचवीस वर्षं तळहातावर जपायचं आणि मुलगी बघायला जायच्या दिवशी ट्रकच्या टपावर बसवून न्यायचं, हे आपल्याला सुचलं नसतं. त्यांना सुचतं, कारण सगळा बाजार तिथेच भरतो.

आणि यातल्या कित्येक गाड्या बांधल्याच होत्या वाऱ्याशी भांडायला. शर्यतीत ताशी दोनशे किलोमीटरने वारा अंगावर घेतला तर त्याची ट्रॉफी मिळते. गाडी उभी असताना वारा आपणहून भेटायला आला, तर विम्याचा अर्ज भरावा लागतो.

*

नेमकं मोडलं काय? साध्या गाडीच्या टपाला पोचा पडला की आपण डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातो. तो आतून ठोकतो, वरून लांबी भरतो, पॉलिश पेपर मारतो, रंग फवारतो आणि ‘शोरूममधून काढल्यासारखी दिसतीय’ असं स्वतःच सांगून टाकतो. आपणही मान्य करतो, कारण सोमवारी ऑफिसला जायचं असतं.

संग्राहकांच्या दुनियेत लांबी हा गुन्हा आहे. लिलावाआधी गाड्या बघायला येणाऱ्या जाणकारांच्या खिशात छोटं लोहचुंबक असतं. ते पत्र्याला लावायचं. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर लांबी. पुढारलेल्यांकडे रंगाची जाडी मोजणारं यंत्रही असतं. डॉक्टर पेशंटच्या छातीला लावत नाही इतक्या मनोभावे ते यंत्र दाराला, बॉनेटला, डिकीला लावलं जातं. रंग कारखान्यातला पहिला असला, तर त्याचा भाव वेगळा. पुन्हा मारलेला रंग कितीही सुंदर असो, तो दुसराच. गाडी अस्सल मूळ अवस्थेत एकदाच असते, हे या पंथाचं ब्रह्मवाक्य. म्हणजे तंबूचा खांब टपावर पडला तेव्हा वाकलेला पत्रा सरळ करता येईल, पण गेलेलं ‘मूळपण’ कोणता कारागीर भरून देणार?

शिवाय जातीजातीचं दुखणं वेगळं. शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९५३ पासून फायबरग्लासच्या अंगाची. तिला पोचा पडतच नाही, थेट तडा जातो. इटलीच्या कारागिरांनी हाताने ठोकून घडवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाड्यांचा पत्रा इतका पातळ की कोपर टेकवून फोटो काढणाऱ्यालाही मालक हटकतो. जुन्या अमेरिकन गाड्यांचा पत्रा जाड, पण त्यांच्या क्रोमच्या पट्ट्या आणि वाकवलेल्या काचा आता कोण बनवून देणार? त्यासाठी दुसरी तशीच गाडी शोधून तिचे अवयव काढावे लागतात. अवयवदान म्हणा हवं तर, फक्त दाता जिवंत असतो.

एवढं झाल्यावरही त्यातल्या बहुतेक गाड्या किल्ली फिरवली की चालू झाल्या असत्या. इंजिन, गिअर, चाकं जागच्या जागी. प्रवासाला उपयोगी पडणाऱ्या कशालाही फारसा धक्का नाही. पोचा पडला तो किमतीला.

*

मग भरपाई कोणाकडून? हा लिलावाचा दुसरा अंक, आणि यात वारा कोर्टात हजर राहत नाही.

गाडीचा मालक लिलाव कंपनीकडे बोट दाखवतो. कंपनी तंबूवाल्याकडे. तंबूवाला आभाळाकडे. आभाळाच्या वतीने विमा कंपनी कागद काढते आणि ‘दैवी आपत्ती’चं कलम वाचून दाखवते. अशा करारांत बहुधा आधीच लिहिलेलं असतं की गाडीचा विमा मालकाने काढावा. मालकाने सही केलेली असते. वाचलेलं मात्र नसतं, कारण त्या दिवशी त्याचं सगळं लक्ष कॅटलॉगमध्ये आपला फोटो उजव्या पानावर येतो की डाव्या, याच्याकडे असतं.

जुन्या गाड्यांचा विमा असतोही गमतीचा. तुमच्या-माझ्या गाडीची विम्यातली किंमत दर वर्षी घटते. ती घसरण मोजायला सरकारमान्य कोष्टक आहे. यांच्या विम्यात किंमत आधी दोघांनी बसून ‘ठरवलेली’ असते, आणि ती वर्षागणिक वाढूही शकते. पण गाडी पुरती मोडली तर ती रक्कम मिळते. नुसता पोचा पडला तर दुरुस्तीचा खर्च मिळतो आणि गेलेल्या मूळपणाचा वाद उरतो. अशा वेळी मालकाच्या मनात एक चोरटी इच्छा डोकावत असणार : पडायचाच होता, तर खांब अजून जरा जोरात का नाही पडला?

*

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. वादळ आलं, गाडी पोचली, किंमत उतरली. आता नेब्रास्काला चला.

पिअर्स नावाचं छोटं गाव, वस्ती दोन हजारांच्याही आत. तिथे रे लॅम्ब्रेक्ट यांनी १९४६ पासून १९९६ पर्यंत शेव्हरोलेची एजन्सी चालवली. गृहस्थांचा स्वभाव असा की न खपलेली नवी गाडी सवलतीत काढायची नाही आणि बदल्यात आलेली जुनी गाडी सहसा पुन्हा विकायची नाही. सगळ्या साठवल्या. काही कोठारात, काही शेतात, झाडांखाली, ऊन-पाऊस-बर्फात. शेतातल्या गाड्यांतून झाडं उगवली. कोठाराचं छत गळू लागलं, पडू लागलं, खालच्या गाड्यांना लागलं.

आपल्याकडे याला अडगळ म्हणतात आणि दिवाळीच्या आधी त्यावरून घरात भांडण होतं. तिथे २८ आणि २९ सप्टेंबर २०१३ला लिलाव झाला. उघड्या शेतात, सुमारे पाचशे गाड्यांचा. टीव्हीवर थेट प्रक्षेपण, हजारोंची गर्दी, जगभरातून बोली. पन्नासेक गाड्या अशा की मीटरवर दहा मैलसुद्धा नाहीत. १९५८ सालची शेव्हरोले कॅमिओ पिकअप जेमतेम दोन किलोमीटर चाललेली होती. तिच्या टपाला पोचा होता आणि काचेला तडा. विकली गेली एक लाख चाळीस हजार डॉलरला. तेव्हाच्या हिशेबाने पाऊण कोटी रुपयांच्या वर.

स्कॉट्सडेलमध्ये टपावर खांब पडला तर नुकसान. पिअर्समध्ये टपावर छत पडलं तर अस्सलपणाचा पुरावा. पत्रा त्याच कंपनीचा, पोचा त्याच खोलीचा. फरक एवढाच की एका गाडीला रोज पुसणारा मालक होता आणि दुसरीला न पुसणारा. स्वच्छतेचा इतका सविस्तर पराभव संत गाडगेबाबांच्या महाराष्ट्राला झेपणार नाही.

*

फ्रान्स तर आणखी पुढे गेलं. तिथल्या बैयों नावाच्या एका उद्योजकाने पन्नास-साठच्या दशकात मोटारसंग्रहालय काढायचं ठरवलं, गाड्या जमवल्या, मग धंदा बसला आणि गाड्या शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली तशाच राहिल्या. चार दशकांहून जास्त. बाजू उघड्या, अंगावर वेली. अभिनेता अलँ दलाँ यांच्याकडे एकेकाळी असलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर सापडली ती जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली. ६ फेब्रुवारी २०१५ला पॅरिसमध्ये आर्टक्युरिअल कंपनीने हा बैयों संग्रह विकला. ही एकटी फेरारी गेली एक कोटी त्रेसष्ट लाख युरोच्या घरात. गाड्या मांडल्या होत्या धुळीसकट, गंजासकट, तुटक्या दिव्यांसकट, आणि वर नाटकातल्या मृत्यूच्या प्रवेशाला करतात तशी प्रकाशयोजना.

तेव्हापासून या बाजारात धूळ हा कच्चा माल झाला आहे. गोदामातून निघालेली गाडी धुऊन लिलावात आणणारा माणूस अडाणी समजला जातो. आमच्या माहितीतल्या तमाम सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये असा माल मुबलक आहे. फक्त त्यावर बोटाने ‘मला धुवा’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे मूळपणाला बाधा येते.

*

आता थेट वादळाचंच उदाहरण. २००४ साली फ्लोरिडाला चार्ली चक्रीवादळाचा तडाखा बसला. एका कोठाराचं छत कोसळलं आणि आतून वीस फेरारी उघड्या पडल्या. मालकाने त्या वर्षानुवर्षं तशाच ठेवलेल्या. चिरडलेल्या, गंजलेल्या, काही अर्धवट. त्या दुसऱ्या गोदामात गेल्या आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये आरएम सदबीज कंपनीने कॅलिफोर्नियात मॉन्टरेला विकायला काढल्या. संग्रहाला नाव दिलं ‘लॉस्ट अँड फाउंड’. हरवलं कोणाचं होतं, हे विचारायचं नसतं. छत पडलं तेव्हा मालकाला ठाऊकच होतं की खाली काय आहे. शोध लागला तो बाकीच्या जगाला.

त्यातली एक होती १९५४ची फेरारी ५०० मोंदियाल. इटलीच्या मिल्ले मिलिया शर्यतीत धावलेली, आणि पुढे साठच्या दशकात एका शर्यतीत अपघात होऊन जळालेली. फोटो बघितला तर कुर्ल्याचा भंगारवालासुद्धा आधी विचारेल, ‘याच्यात गाडी कुठली?’ वाकलेल्या, करपलेल्या, चुरगळलेल्या पत्र्याचा लगदा. तो विकला गेला अठरा लाख पंचाहत्तर हजार डॉलरला. तेव्हाचे सुमारे साडेपंधरा कोटी रुपये.

घेणाऱ्याला वेडा समजू नका. त्याने पत्रा घेतलाच नाही, त्याने चासी नंबर घेतला. फेरारीने अशा मोजक्याच गाड्या बनवल्या आणि त्यातली प्रत्येक नंबरानिशी नोंदलेली आहे. नंबर खरा असेल तर त्याच्याभोवती नवी गाडी उभी करता येते. नवा पत्रा, नवा रंग, नवी शिवण. पुढच्या लिलावात ती ‘१९५४ची’ म्हणूनच येईल. सातबाऱ्यावर नाव असलं की घर पडलेलं असलं तरी जागा आपलीच राहते, हे महाराष्ट्रात समजावून सांगायची गरज नाही.

आणि त्याच फ्लोरिडात वादळात भिजलेल्या साध्या गाड्यांचं काय होतं? विमा कंपनी त्यांना ‘पूर्ण नुकसान’ ठरवते, मालकी कागदावर ‘भंगार’चा कायमचा शिक्का बसतो, आणि त्या भंगाराच्या लिलावात रांगेने जातात. तिथे कॅटलॉग नसतो, प्रकाशयोजना नसते. मालकाने तो शिक्का लपवून गाडी विकली तर त्याला फसवणूक म्हणतात. शिक्का ठळक छापून विकता यायला आधी गाडी फेरारी असावी लागते.

*

केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात तर वादळाचीही वाट बघावी लागली नाही. १२ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे दालनाची जमीनच खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. हा भाग चुनखडीच्या गुहांचा, पोटात पोकळ्या. गाड्या क्रेनने वर काढल्या. त्यातली २००९ची ‘ब्लू डेव्हिल’ खड्ड्यातून आल्यावर चक्क चालू झाली. तीन गाड्या दुरुस्त केल्या. उरलेल्या पाच? त्या होत्या तशाच, मातीसकट, दाबलेल्या, पिचलेल्या, पुन्हा दालनात मांडल्या.

आणि गर्दी वाढली! चकचकीत गाड्या बघायला जे आले नव्हते, ते चेंदामेंदा बघायला आले. संग्रहालयाने खड्ड्याचा काही भाग तसाच उघडा ठेवायचा विचारही केला होता. शेवटी खर्चाचा अंदाज बघून तो बुजवला. रस्त्यावरच्या खड्ड्याला प्रेक्षणीय स्थळाचा दर्जा द्यावा, ही कल्पना आपल्या महापालिकांना अजून सुचलेली नाही. सुचली तर तिकीटबारीवरचा बंदोबस्त तेवढा वाढवावा लागेल.

*

आपल्याकडे भंगार आणि वारसा यांच्यातली रेघ कायद्यानेच आखून दिली आहे. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की तिची पुन्हा नोंदणी, तपासणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. आरटीओच्या नजरेत ती संशयित. २०२१ साली केंद्राने दुसरा नियम केला : पन्नास वर्षं पुरी झालेली, मूळ रूप न बदललेली गाडी ‘व्हिंटेज’. तिला नंबरात ‘व्हीए’ ही मानाची अक्षरं, वीस हजार रुपयांत दहा वर्षांची नोंदणी. तिने रोज रस्त्यावर यायचं नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, देखभाल वगैरेंसाठी यायचं.

म्हणजे पंधराव्या वर्षी उपद्रव, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं गाडीने काय करायचं, यावर नियम मौन पाळतात. ती काढायला एक शेड लागते, शेडला जागा लागते आणि मुंबई-पुण्यात जागेला काय लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वारसा ही अशी पार्किंगची गोष्ट आहे.

प्रीमिअर पद्मिनीला ती पार्किंग मिळाली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून राबली. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे फिनिक्सचा चार वर्षांहून अधिकचा कोटा. त्या दिवशी या टॅक्सींवर कुठलाही तंबू नव्हता, त्यामुळे उडायचा प्रश्न आला नाही. त्या बुडाल्या, सुकवल्या, कार्ब्युरेटर साफ करून पुन्हा रांगेत लागल्या. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून हुंदके आले, समाजमाध्यमांवर जुने फोटो आले. बोली कुठून आली नाही.

पोचे तिच्याकडे भरपूर होते. पूर, खड्डे, बेस्टचे धक्के, पस्तीस वेळा मारलेला रंग. पण त्या पोच्यांची गोष्ट उजव्या पानावर छापणारा कॅटलॉग नव्हता. पोचा गोष्टीसकट आला की ऐवज, नुसता आला की भंगार.

*

या अख्ख्या व्यवहारात सरळ माणूस एकच. अमेरिकेत गारपीट झाली की तिच्या मागोमाग गावोगाव फिरणारे कारागीर असतात. गारांचे पोचे, मूळ रंगाला हात न लावता, आतून लांब सळ्यांनी हळूहळू दाबून ते बाहेर काढतात. त्यांचं दरपत्रक नाण्यांवर चालतं. पोच्याशेजारी नाणं धरायचं आणि आकार ठरवायचा : डाइमएवढा, निकेलएवढा, क्वार्टरएवढा. एका पत्र्यावर असे किती, त्यावरून भाव. गंमत म्हणजे अमेरिकेत दहा सेंटचं डाइम पाच सेंटच्या निकेलपेक्षा लहान असतं. म्हणजे मोठ्या पैशाचा पोचा छोटा, हा व्यवहार नाण्यांनाही पटलेला आहे.

हा माणूस गाडी कोणत्या नटाची होती ते विचारत नाही. ती अ‍ॅरिझोनात वाढली की नेब्रास्काच्या शेतात, चासी नंबर कितवा, धूळ अस्सल आहे का, यातलं काहीच त्याला नको असतं. तो पोच्याची किंमत पोच्याकडे बघून ठरवतो. म्हणूनच त्याला कुठली लिलाव कंपनी मूल्यांकनाला बोलावणार नाही. मॉन्टरेच्या मंचावर रेशमी दोराच्या आत उभ्या असलेल्या कोट्यवधींच्या गाडीजवळ तो यायचा, खिशातून क्वार्टर काढून टपाला लावायचा, आणि बोली ऐन रंगात आलेली असताना सगळ्यांसमोर सांगून मोकळा व्हायचा : “चार आण्यांचा आहे, साहेब.”